अण्णांच्या कमरेचा पाहुणा

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णा एसटी स्टँडपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मुंबईच्या विमानतळावर सोडायला आपण स्वतः येणार, असं त्यांनी मी शाळेत असल्यापासून सांगून ठेवलं होतं. तेव्हा मी कुठे जाणार हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण कुठेतरी जाणार हे त्यांचं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात माझ्याबरोबर आई बसमध्ये चढली आणि अण्णा फलाटावर राहिले. ऐन मे महिन्यात त्यांनी सदऱ्यावर जाकीट घातलं होतं. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं आणि त्यांच्या कमरेचं काहीतरी कठीण माझ्या बरगडीला लागलं. मी झटकन मागे सरले. अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी जाकीट नीट केलं आणि म्हणाले, "पोचल्यावर फोन कर, मुक्ते."

ते रिव्हॉल्व्हर होतं. परवाना नुकताच हातात पडला होता. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता, आणि तोही विमानतळाच्या दारात निरुपयोगी. घरी कपाटात ठेवून दोघांनी चार दिवस बाहेर जावं, तर मागे कुणी कपाट फोडलं की जबाबदारी अण्णांची. पोलीस ठाण्यात जमा करावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार की अण्णांची कंबर आज रिकामी आहे. म्हणून ते थांबले. हे सगळं मला तेव्हाही समजत होतं. पण बस सुटली तेव्हा माझ्या मनात एकच वाक्य होतं: अण्णांनी माझ्याऐवजी ते निवडलं.

आमचं गाव गोदावरीच्या काठचं, तालुक्याचं. अण्णांचा छापखाना बाजारपेठेच्या टोकाला. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दुकानांची हँडबिलं हा धंदा. पत्रकं हा स्वभाव. रेशनच्या दुकानातला काळाबाजार, नगरपालिकेचं गढूळ पाणी, दवाखान्यात न येणारे डॉक्टर, अशा प्रत्येक गोष्टीवर अण्णांचं पत्रक निघायचं, गुलाबी किंवा पिवळ्या स्वस्त कागदावर, खाली स्वतःचं नाव आणि पत्ता घालून. निनावी पत्रक त्यांच्या लेखी भेकडाच्या चिठ्ठीसारखं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध'मधल्या ज वरून. घड्या घालणं हे माझं काम होतं, आणि आठवीत असताना शाळेत मुलींना संडास नाही यावर पहिलं पत्रक मी लिहिलं तेव्हा अण्णांनी त्यातलं एकही वाक्य बदललं नाही. फक्त म्हणाले, "शेवटी नाव घाल. ज्याच्यावर लिहिलंस त्याला तुला शोधता आलं पाहिजे."

शोधलं ते अण्णांना. नदीच्या पात्रातून बेकायदा वाळू उपसणाऱ्यांवर त्यांनी एकामागून एक पत्रकं काढली. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. नदीकडच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्या लोकांनी त्यांना लोखंडी गजाने मारलं. हात दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात पोलीस अधिकारी आले आणि सांगून गेले, अण्णा, शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज करा, शिफारस मी करतो.

मी भडकले होते. घरात जेवढी भाषणं मी तेव्हा केली तेवढी पुढे कुठेच केली नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं की शब्द पुरेसा असतो, त्याने कमरेला लोखंड लावायचं? मग वाळूवाल्यांत आणि आपल्यात फरक काय? अण्णा प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. उत्तर आईने दिलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझी तत्त्वं तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "मला माणूस पाहिजे."

परवाना मागणं म्हणजे भीती सिद्ध करणं, हे मला तेव्हा कळलं. पोलीस पडताळणी झाली. शेजाऱ्यांना विचारलं गेलं, हा माणूस रागीट आहे का, दारू पितो का. कलेक्टर ऑफिसात धोक्याचा पुरावा मागितला, तर अण्णांनी पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे मी छापलं, म्हणून धोका."

तिथले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग हे छापायचं बंद करा की. परवाना लागणारच नाही."

"छापायला परवाना लागत नाही, साहेब," अण्णा म्हणाले. "म्हणून तर छापतो."

हा किस्सा ते रंगवून सांगायचे. पुढचं मात्र त्यांनी कधी रंगवलं नाही. नेम शिकायला गेले तेव्हा बार काढताना ते डोळे मिटायचे. शिकवणारा हवालदार कपाळाला हात लावायचा. हे मला आईने सांगितलं, फोनवर, मी सिंगापूरला आल्यावर. फोनवर त्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही असा आईचा नियम होता. ती त्याला 'पाहुणा' म्हणायची.

"पाहुणा कसा आहे?" मी रविवारी विचारायची, जरा कुचकटपणेच.

"आहे. कपाटात बसलाय. बाहेर निघाला की तुझ्या अण्णांच्या कडेवर."

सिंगापूरला मी जुरोंग ईस्टला राहायला लागले, सरकारी वसाहतीतल्या एका एचडीबी फ्लॅटच्या खोलीत. दुसऱ्या खोलीत पुण्याची केतकी, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, म्हणजे माझ्या वळणाचंच काम. पर्समध्ये इथे नोकरी करू देणारा एम्प्लॉयमेंट पास, गळ्यात ऑफिसचं कार्ड. ऑफिसातून उशीर झाला तरी एमआरटी मेट्रोतून उतरून मी एकटी चालत घरी जायची आणि मागे वळून बघायची नाही. ही गोष्ट अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला. आणि पडली, तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की गावी माझी मान सतत अर्धी मागे वळलेली असायची.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले, त्यांना हे सांगायची गरज नाही. जे तिकडे राहिले, त्यांना कसं सांगावं हे मला कधी जमलं नाही. सुरक्षित वाटणं ही काही फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही. ती सांगितली की आपोआप पुढचा प्रश्न येतो, की मग आम्ही?

पहिल्या वर्षी अण्णांनी मला एक लिफाफा पाठवला. आत एक पिवळं पत्रक होतं. मथळा: 'परवाना मिळाला म्हणजे काय मिळालं?' गावात हल्ली बरेच जण मिरवण्यासाठी परवाने काढत होते, म्हणून अण्णांनी कायदा मुळातून वाचून तो सोप्या मराठीत छापला होता. जवळ बाळगण्याची मुभा आहे, दाखवण्याची नाही. वरातीत, सत्काराच्या मिरवणुकीत हवेत बार काढणं हा गुन्हा आहे, आनंद नव्हे. परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते आधी वाचा; हद्द ओलांडली की तुम्ही परवानाधारक नाही, आरोपी आहात. शस्त्र ज्याच्या नावावर त्याच्याच हातात राहिलं पाहिजे. मेहुण्याला फोटो काढण्यापुरतंसुद्धा देऊ नये. खाली नेहमीप्रमाणे नाव आणि पत्ता.

मी ते एमआरटीत वाचलं आणि मेहुण्याच्या वाक्यावर मोठ्याने हसले. समोरच्या आंटीने माझ्याकडे बघितलं. हसता हसताच मला रडू आलं. रिव्हॉल्व्हर घेऊनही माणूस पत्रकच काढत होता.

आईअण्णांना इकडे बोलवायचं म्हटलं की अण्णा टाळायचे. कारण तेच. विमानात बसायचं तर पाहुणा ठाण्यात जमा करावा लागणार, आणि परत येईपर्यंतच नव्हे, परत आल्यावरही तो सोडवून घेईपर्यंत गावाला ते माहीत असणार. असं दोन वर्षं चाललं. मग एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"मुक्ते, तिकिटं काढ. नगरपालिकेची निवडणूक लागली."

मला अर्थ कळेना. छापखान्याचा हा खरा हंगाम. उमेदवारांची पत्रकं, डमी मतपत्रिका, मतदारांच्या चिठ्ठ्या. मशीन थंड होत नाही. शिवाय निवडणुकीत अण्णा गावात नाहीत असं कधी झालेलं नव्हतं.

"आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात," ते म्हणाले. "माझंही झालं, वाळूवाल्यांचंही झालं. आत्ता सगळ्यांच्याच कमरा रिकाम्या आहेत. असा योग पुन्हा कधी येणार?"

"आणि छापखाना?"

"या वेळी गावाला माझ्या पत्रकाशिवाय मत देऊ दे. बघू जमतं का."

मग मी त्यांना इकडचा कायदा वाचून दाखवला, जसा त्यांनी मला तिकडचा पाठवला होता. इथे खासगी माणसाला पिस्तूल जवळ बाळगणं जवळजवळ अशक्य. एक काडतूस सापडलं तरी तुरुंग. उडवलेल्या गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा परवान्याशिवाय चालत नाही. "अण्णा, ते जाकीट आणू नका. काडतुसं ठेवायची ती पिशवीही नको." आईने तरीही प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे केले, नवीन बॅग घेतली आणि ती रिकामी असतानाच झटकून घेतली. चांगी विमानतळावर ते दोघं बाहेर आले तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "तपासलं गं सगळं. शिवणीसुद्धा." अण्णांनी मला जवळ घेतलं. या वेळी काही लागलं नाही. पण त्यांचा उजवा हात मधूनच कमरेला जायचा, काही न सापडून परत यायचा.

हॉकर सेंटर म्हणजे खाण्याच्या स्टॉलची मंडई; तिथे टेबलावर ठेवलेलं टिश्यूचं पाकीट बघून आईने विचारलं, हे कुणी विसरलं का. मी सांगितलं, जागा धरून ठेवलीय. पाकीट ठेवलं की तिथे कुणी बसत नाही.

"एवढ्यावर?" आई म्हणाली.

"आपल्याकडे रिव्हॉल्व्हर ठेवलं तरी जागा राहायची नाही," अण्णा म्हणाले. केतकीला हसताना ठसका लागला.

घरी आल्यावर अण्णांनी नवी बॅग उघडली. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा होता. दोरी सोडायच्या आधीच मी ओळखलं. त्या शाईचा वास मला झोपेतही कळतो. गुलाबी कागद. 'सिंगापूरनिवासी मराठी बंधू-भगिनींना अनावृत पत्र.' तुमच्या नद्या तुमच्यामागे विकल्या जात आहेत, गप्प बसू नका, असा मजकूर. काडतुसं नकोत एवढंच मी सांगितलं होतं. पत्रकांचं सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"रविवारी तुमच्या मराठी लोकांचा कार्यक्रम आहे म्हणालीस ना? दारात उभा राहून वाटतो."

"अण्णा, नाही वाटता येणार."

"का?"

"इथे चारचौघांत एखादा प्रश्न मांडायचा, तर परवाना लागतो. एकट्या माणसालासुद्धा."

अण्णा खुर्चीवर बसले. "परवाना कोण देतं?"

"पोलीस."

"म्हणजे दोन्हीला परवाना," ते सावकाश म्हणाले. "पहिला मिळत नाही म्हणालीस. दुसरा मिळतो?"

"माहीत नाही. आपण परके, आपल्याला बहुतेक नाही."

"मागून बघितलास?"

 मी इथे आल्यापासून काहीच मागून बघितलं नव्हतं. आमच्या इमारतीच्या रंगकामाला येणारे बांगलादेशी कामगार ट्रकच्या उघड्या मागच्या भागात उन्हात बसून जाताना मी रोज बघायची. त्यावर डोक्यात पत्रकं तयार व्हायची, मथळ्यासकट, आणि एमआरटीत चढेपर्यंत विरून जायची. पास रद्द झाला तर? आठवीतल्या मुक्ताला ही मुलगी ओळखूही आली नसती. अण्णा आता रागावतील, असं मला वाटलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

ते म्हणाले, "भीती सगळ्यांना असते गं, माय. माझी कमरेला आहे, तुझी पर्समध्ये."

त्यांनी गठ्ठ्याची दोरी पुन्हा बांधली. त्याआधी वरचं एक पत्रक काढून माझ्या हातात दिलं. "घरात तर वाटता येतं ना?" केतकीलाही एक दिलं. तिने ते उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "काका, ही वाळू नेमकी जाते कुठे?" मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते आईने आमटी दोनदा गरम केली तरी संपेना.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं पुलाउ उबीन बेटावर गेलो. पलीकडे नेणाऱ्या छोट्या बमबोटीची वाट बघताना अण्णांनी किनाऱ्यावरची वाळू मुठीत घेतली, बोटांनी चोळली. मी सांगितलं होतं की या देशाची कितीतरी जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे, आणि त्यासाठीची वाळू बाहेरच्या देशांतून आली. "तिकडेही कुणी छापखानेवाला असेल," एवढंच म्हणाले आणि हात झटकला.

बेटावर आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. आई बसणार नव्हती. ती जेट्टीजवळच्या एका जुन्या लाकडी घराच्या सावलीत शहाळं घेऊन बसली आणि मी तिच्याशेजारी. अण्णा एकटेच सायकल मारत गेले, वळून आले, पुन्हा गेले. झाडांमधून त्यांचा पांढरा सदरा दिसायचा, नाहीसा व्हायचा.

त्या वर्षी परवान्याची मुदत संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज घरी परतल्यावर लगेच करायचा होता. मी नियम पाहून ठेवले होते. जी मुलगी भाकऱ्यांच्या परातीपुढे भाषणं करत होती, ती आता म्हणणार होती की अण्णा, मुदत चुकवू नका. इतक्या लांबून तत्त्वं धरून ठेवायला फार बळ लागतं, आणि रविवारचा फोन कुणी उचलला नाही की तेवढं माझ्यात उरत नसे.

"अर्जाचं बघायला हवं," मी आईला म्हटलं.

आई त्यांच्या सायकलीकडे बघत होती. "तुला ठाऊक नाही. कपाटाची किल्ली गळ्यात घालून झोपतात. झोपेत चाचपत राहतात. इथे आल्यापासून हात छातीवर येतो आणि तसाच खाली पडतो. घोरतात सुद्धा." ती हसली. "आणि पत्रक वाटायला जातात ना, तर लोक घेतात. पहिल्यापेक्षा जास्त घेतात. पण कुणी तोंडाकडे बघत नाही, कमरेकडे बघतात. घरी येऊन गप्प बसतात मग. मी म्हणाले होते ना, मला माणूस पाहिजे." तिने हनुवटीने दाखवलं. अण्णा उतारावरून पाय सोडून येत होते, पोरासारखे. "हा बघ. हा पाहिजे होता."

"पण आई, ते लोक अजून तिथेच आहेत."

"मला भीती वाटत नाही असं कुठे म्हणाले मी?"

अण्णा आले, धापा टाकत, घामाने भिजलेले. शहाळं माझ्या हातातून घेऊन पिऊन टाकलं.  मग सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "नाही करायचा अर्ज." आईने पदराने त्यांची मान पुसली. 

निवडणूक संपल्यावर गावातले परवानाधारक ठाण्यात जाऊन आपापली शस्त्रं घेऊन आले. अण्णा गेले ते अर्ज घेऊन, की नूतनीकरण नको, रिव्हॉल्व्हर रीतसर दुकानदाराला विकायची परवानगी द्या. अधिकारी नवे होते. त्यांनी विचारलं, "धोका संपला का?"

"नाही, साहेब," अण्णा म्हणाले.

आईने फोनवर एवढंच कळवलं: "पाहुणा गेला." मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी होते. मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, आणि ही दोन्ही माझ्यात तेव्हापासून एकत्रच नांदतात. मला वाटायचं घर म्हणजे जिथे निर्धास्त झोप लागते ती जागा. तसं असेल तर माझं घर जुरोंग ईस्टलाच आहे. पण ज्या जागेसाठी मी सकाळी उठल्याबरोबर आधी फोन बघते, जिथल्या एका माणसाच्या सायकलवरून घरी परतण्यावर माझा दिवस टिकून असतो, तिला मी दुसरं काय नाव देऊ? गुलाबी गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे. त्याच कपाटाशी बसून मी त्या ट्रकवाल्या कामगारांबद्दल इथल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. खाली नाव घातलं. पूर्ण.

पुढच्या दिवाळीला मी घरी गेले. परत निघताना अण्णा स्टँडवर थांबले नाहीत. आईच्या शेजारची खिडकी त्यांनी धरली आणि मुंबईपर्यंत मला गावातली भांडणं ऐकवली. विमानतळाच्या दारापाशी बंदूकधारी जवान माझं तिकीट तपासत होता. अण्णांना आत जायचंच नव्हतं, तरी त्यांनी त्याच्यापुढे दोन्ही हात वर केले. जवान हसला आणि मान हलवली, की राहू द्या, काका. मग त्याच हातांनी त्यांनी मला जवळ घेतलं. सदरा मऊ होता, घामाचा आणि शाईचा वास येत होता. मी लवकर सुटले नाही.

आत गेल्यावर काचेतून वळून बघितलं. आई डोळे पुसत होती. अण्णा टॅक्सीच्या रांगेपाशी पोचले होते आणि पिशवीतून काढलेला पिवळा कागद एका ड्रायव्हरपुढे धरत होते. ड्रायव्हरने कागद घेतला, वाचला, आणि मग अण्णांच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी विचारलं.